उद्घाटनाआधी हात लावू नये

ज्ञानाचा प्रकाश दारात उभा राहिला की तो जात विचारत नाही, घर विचारत नाही, असं तळकोंडच्या माध्यमिक विद्यालयाच्या दर्शनी भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं आहे. त्याच भिंतीमागे दहावीचा वर्ग भरतो. तिथली ट्यूब मागच्या पावसाळ्यात गेली ती परत आली नाही. आपल्या श्रुतिकाला तिची गरज नाही, बाकीच्यांनी खिडकीकडे सरकून बसावं, असा तोडगा मुख्याध्यापक खेडेकर सरांनी काढला, आणि पालकसभेत तो सांगताना त्यांना गहिवरून आलं.

श्रुतिकाचा बाप महिपत त्या सभेत मागच्या बाकावर बसला होता. सर गहिवरले तेव्हा सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. आपणही गहिवरायचं असतं की काय, ते त्याला कळेना. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

पोरगी जन्मापासून आंधळी. सातवीपर्यंत ती पनवेलकडच्या एका निवासी शाळेत होती. तिथं ब्रेल शिकली. जाड कागदावर उठवलेल्या ठिपक्यांवरून तिची बोटं अशी जायची की महिपतला मुंग्यांची रांग आठवायची. मग तिथलं वसतिगृह बंद पडलं आणि तो तिला आणि तिच्या पत्र्याच्या पेटीला घेऊन पोलादपूरच्या एस्टीनं परत आला. तळकोंडच्या शाळेत ब्रेल कुणालाच येत नव्हतं आणि ब्रेलचं पुस्तकही नव्हतं. पण शाळा चांगली होती. निकाल शंभर टक्के लागायचा, आणि तसा फलक रस्त्यावर लावलेला होता.

बाकीचे विषय ऐकून व्हायचे. गणित ऐकून होत नसे. संध्याकाळी महिपतची बायको उज्वला भाकऱ्या थापता थापता पुस्तक समोर उभं करून वाचायची. ती स्वतः सातवी शिकलेली.

“एक्स अधिक तीन, भागिले दोन.”

“रेघ कुठवर हाय, आये?”

“कसली रेघ?”

“भागाकाराची. एक्सच्या खालून सुरू होते, का नुसती तिनाच्या खाली हाय?”

उज्वला पिठाचे हात पदराला पुसून पुस्तक दिव्याकडं धरायची. “एक्सच्या बी खालून हाय गो.”

“मग आधी सांगायचं. मी नुसत्या तिनाचे भाग करत आले इथवर.”

“मला काय म्हाईत, रेघेला एवढा मान असतो ते.”

आकृत्यांचं काम महिपतकडं होतं. त्रिकोण सोपा, भाताच्या काड्यांचा व्हायचा. वर्तुळ अवघड. एकदा त्यानं पुठ्ठ्यावर भाताच्या खळीनं नाचणीचे दाणे चिकटवून झकास वर्तुळ केलं, आत आडवा व्यास दिला, आणि पडवीत वाळत ठेवलं. सकाळी कोंबडीनं परिघापासून सुरुवात केली होती आणि व्यासापर्यंत आली होती. महिपत काठी घेऊन धावला.

“ऱ्हाऊ दे, बाबा,” पुठ्ठा चाचपून श्रुतिका म्हणाली. “उद्या अर्धवर्तुळच हाय.”

तिला गणित हवं होतं. का, म्हणून कुणी विचारलं तर सांगायची, “भूगोलात नकाशा दाखवा म्हणतात, विज्ञानात रंग ओळखा म्हणतात. गणितात कोण दाखवा म्हणत नाय. करा म्हणतात.” दहावी झाल्यावर कॉमर्सला जायचं आणि बँकेत लागायचं, असा तिचा विचार. पनवेलला तिला शिकवणाऱ्या बाईंचे यजमान तिच्यासारखेच आंधळे होते आणि बँकेत होते. त्यांनी तिच्या हाताला हात लावून दिलेल्या पेढ्याची चव तिला अजून आठवायची.

दसरा झाला. भात पिवळं पडलं. खेडेकर सरांनी महिपतला कार्यालयात बोलावलं.

कार्यालय चकाकत होतं. खेडेकर सर पावसाळ्याला भ्यायचे. या खोऱ्यात पाऊस पडायला लागला की भिंतीला ओल येते, ओलीला बुरशी येते, आणि सरांच्या आदर्श शिक्षक पुरस्काराचं प्रमाणपत्र एका वर्षी तिनं ‘आदर्श’पर्यंत खाल्लं होतं. तेव्हापासून सर दिसेल त्याला लॅमिनेट करून घ्यायचे. वेळापत्रक, प्रतिज्ञा, सूचना, ‘येथे थुंकू नये’, सगळं प्लास्टिकमध्ये. पिंपळाचं एक पानही होतं. थुंकणारे त्यामुळे थांबले नव्हते, पण आता थुंकलेलं पुसून काढता येत होतं.

“बसा महिपतराव,” सर म्हणाले. “बोर्डाचा अर्ज भरायचाय. श्रुतिकाला सवलत आहे. गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेता येतं. सोपं असतं. मी तेच लिहितो.”

“ती गणित म्हणते, सर.”

“म्हणेल हो. मुलं काहीही म्हणतात. पण गणितात ती राहिली तर?”

खोलीच्या कोपऱ्यात गणिताच्या तेजश्री मॅडम पेपर तपासत होत्या. त्यांनी मान वर केली. “सर, तिला गणित येतं. आकृतीच तेवढी पोचत नाही तिच्यापर्यंत.”

“मॅडम, रस्त्यावरचा फलक कुणी खाली उतरवायचा, तुम्ही की मी?”

मॅडमनी मान खाली घातली. सरांनी काचेच्या कपाटाकडे बोट केलं. कपाटात एक खोकं होतं. बाहेर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, गणित संच, ब्रेल.

“पण मी अन्याय करणारा माणूस नाही. हे आलंय. राजेशशेठांनी दिलंय मुंबईहून. आपल्याच खोऱ्यातले, आता लिफ्टा बसवतात. शुक्रवारी त्यांच्या हस्ते उद्घाटन. श्रुतिकानं सगळ्यांसमोर यातलं पान वाचलं तर मी गणित लिहीन. नाही वाचलं तर तुम्ही सवलतीच्या अर्जावर सही करायची. कबूल?”

महिपतला हे खरं वाटेना. “सर, मग पोरीला बोलवू? एकदा हात फिरवून बघंल.”

“उद्घाटनाआधी?” सर दुखावले. “हाताला घाम असतो, महिपतराव. ठिपके मळतील. दबतील. उद्घाटनाआधी कुणीही हात लावायचा नाही, मीसुद्धा लावलेला नाही.” मग त्यांनी खोकं उघडून एक पान कडेनं, दोन नखांत धरून वर काढलं. पांढऱ्या जाड कागदावर ठिपक्यांचं मोठं वर्तुळ होतं, आत आडव्या रेघा, आणि वर, खाली, बाजूला ठिपक्यांचा मजकूर. “हे बघा मॅडम, तुमचा धडा.”

तेजश्री मॅडमनी चष्मा सारखा केला. “वर्तुळ आणि समांतर जीवा.”

“बघितलंत? सगळं आहे,” सर म्हणाले. “फक्त एक करा. तुम्ही विळे घेऊन महाडला जाणार असाल ना? हे खोकं घेऊन जा. स्टँडजवळ चंदूचं दुकान आहे, त्याच्याकडून सगळी पानं लॅमिनेट करून आणा. माझं बोलणं झालंय. एवढी मोलाची वस्तू, या हवेत चार महिने टिकायची नाही.”

महिपतची छाती भरून आली. एवढी जोखीम सरांनी त्याच्यावर टाकली होती. त्यानं खोकं युरियाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळलं, वर आपलं उपरणं बांधलं, आणि एस्टीत जागा रिकामी असतानाही ते मांडीवर घेऊन बसला.

कापणीच्या तोंडावर विळ्यांना दात पाडून घ्यावे लागतात. महाडला लोहारासमोर ओळ होती. महिपतनं आपले विळे दिले, परत घेतले, आणि एकेकाच्या पात्यावर अंगठा फिरवून पाहिला. एका विळ्याचे दात मधेच बोथट लागले. तो त्यानं परत केला. “हात फिरव की,” तो लोहाराला म्हणाला. “डोळ्यानं काय बघतोस?”

मग तो चंदूकडं गेला. चंदूनं एक पान उलटसुलट करून पाहिलं.

“हे काय रे, पुरळ आल्यागत?”

“आंधळ्याचं लिहिणं असतं ते.”

“मशिनीतून जाईल?”

“सर बोललेत तुझ्याशी.”

“सर बोलले म्हंजे जाईलच. नाय गेलं तर मशीन बदला म्हणतील.”

मशीन तापलं. गरम प्लास्टिकचा वास सुटला. चंदू पान पाकिटात सारायचा, पाकीट दोन रुळांच्या मधे द्यायचा, आणि ते पलीकडून सपाट, कडक, आरशासारखं बाहेर यायचं. ठिपके आत दिसत होते, काचेखाली ठेवल्यासारखे. महिपत प्रत्येक पान दोन्ही तळहातांवर झेलून घेत होता, कडेनं, सरांसारखं. चंदूनं एका पानावर पाण्याची बाटली ओतून दाखवली. पाणी ओघळून गेलं.

“आता सावित्रीच्या पुरात टाक,” चंदू म्हणाला. “तुझ्या नातवालाबी पुरंल.”

शेवटी एक पान तिरकं गेलं आणि अडकलं. चंदूनं मशीन बंद करून ते ओढून काढलं. कोपरा चुरगळला होता. तेच, वर्तुळाचं आणि आडव्या रेघांचं. “हे घेत नाय मशीन. सराला सांग, याला मानवलं नाय.”

सरांनी नखांत धरलेलं पान, आणि महिपतच्या हातून चुरगळलं. त्यानं चंदूसमोर मान डोलावली, पान विळ्यांच्या पिशवीत तळाशी सरकवलं, आणि शाळेत खोकं देताना त्याबद्दल काही बोलला नाही. सरांनी चकाकती पानं बघितली, “वा,” म्हणाले, आणि कपाटाला कुलूप लावलं. घरी येऊन महिपतनं ते पान माळ्यावर, गुंडाळलेल्या चटईच्या आत ठेवून दिलं.

शुक्रवारीच त्याची सावड निघाली. तळकोंडात कापणी सावडीनं होते. आज सगळे एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. ज्याची पाळी त्यानं आधी शेतात जायचं, सगळ्यांना न्याहारी घालायची, आणि शेवटचा भारा उचलेपर्यंत हलायचं नाही. पाळी बदलत नाही. बदलली तर पुढच्या सगळ्यांची बदलते.

“शुक्रवारी आमी दोघंबी शाळेत हाव,” महिपत धोंडूला म्हणाला. धोंडूचं शेत बांधाला लागून, आणि सावडीचा हिशेब त्याच्या डोक्यात असायचा.

“का? तुझी बी परीक्षा हाय?”

“पोरीचा कार्यक्रम हाय. आईबापाचा सत्कार करायचाय म्हणतात.”

“सत्कार. आन् तुझं भात मी कापू.”

“न्याहारी उज्वला करून ठेवंल.”

“न्याहारी कोण मागतंय रे? मालक नसताना परक्याच्या शेतात वाकायचं म्हंजे मजुरी झाली ती.” धोंडू थुंकला. “कापून देतो. भारे बांधायला थांबणार नाय. ढग बघ कशेडी घाटाच्या अंगाला.”

शुक्रवारी कार्यक्रम सकाळी होता. म्हणजे पत्रिकेवर तसं होतं. राजेशशेठ आदल्या दिवशी खेडला कुणाच्या साखरपुड्याला गेले होते आणि येताना कशेडीत आडव्या झालेल्या ट्रकमागे अडकले. मंडपात मुलं उन्हात बसून राहिली. दोन मुली चक्कर येऊन पडल्या, त्यांना व्यासपीठामागे झोपवलं, कारण समोर बरं दिसलं नसतं. महिपत आणि उज्वला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, दीपप्रज्वलनाच्या समईच्या बाजूला. मागं चार शेतांच्या पलीकडं आपले लोक वाकलेले दिसताहेत, हे महिपतला मान न वळवता कळत होतं.

“अजून किती वेळ?” उज्वला ओठ न हलवता म्हणाली.

“गप बस. सर बघतायत.”

“बघंनात. भात पडलंय तिकडं.”

दुपार कलली तेव्हा राजेशशेठ आले. अंगाला अत्तराचा वास, गळ्यात साखरपुड्याचा कालचा हार. त्यांनी महिपतला शाल गुंडाळली, नारळ दिला, आणि कॅमेऱ्याकडे बघत विचारलं, “क्या करते हो, काका?”

“शेती.”

“बहोत बढिया,” राजेशशेठ म्हणाले. त्यांचं आजोळ शेतीवरच जगलेलं होतं.

खोकं ठेवलेल्या शेल्फावर लाल फीत बांधली होती. ती कापली. टाळ्या झाल्या. सरांनी खोक्यातून एक पान काढून टेबलावर ठेवलं आणि श्रुतिकाला हाताला धरून आणलं. तिनं केस घट्ट बांधले होते, नखं कापली होती. आठवडाभर ती उजव्या हातानं काही गरम धरत नव्हती. बोटं शाबूत राहावीत म्हणून.

“आता ही कन्या,” सर माइकवर म्हणाले, “डोळ्यांनी नव्हे, ज्ञानाच्या स्पर्शानं वाचणार आहे.”

श्रुतिकानं दोन्ही हात पानावर ठेवले. बोटं डावीकडून निघाली, उजवीकडे गेली. पुन्हा डावीकडे आली. खालच्या ओळीत गेली. तिनं पान उलटं केलं. परत सुलटं केलं. मग बोटं थांबली.

“सर, हे गुळगुळीत हाय.”

सरांनी माइकवर हात धरला. “वाच.”

“इथं काय लिहिलेलं नाय.”

“अगं दिसतंय ना, ठिपके आहेत.”

“तुमाला दिसत असतील, सर.”

“बरं, ते पायथागोरसचं पाठ आहे ना तुला? तेच म्हण. पानावर हात ठेवून म्हण.”

“पाठ हाय,” श्रुतिका म्हणाली. “पण इथं ते लिहिलेलं नाय.”

सरांनी माइकवरचा हात काढला. “मुलगी भारावून गेली आहे,” ते म्हणाले, आणि टाळ्या वाजवायला लागले. सगळ्यांनी वाजवल्या. राजेशशेठांनी पान उचललं, त्यावरून अंगठी घातलेलं बोट फिरवलं आणि मनापासून म्हणाले, “फिनिशिंग काय दिलंय, यार.” मग ते पान त्यांनी शेजारी बसलेल्या महिपतच्या हातात दिलं, फोटोसाठी.

महिपतनं अंगठा फिरवला. कडेनं नाही, मधोमध. विळ्यावर फिरवतात तसा, हळू, जोर न देता. काही लागलं नाही. त्यानं दुसऱ्या कोपऱ्यात फिरवला. आत ठिपके दिसत होते, एकेक मोजता आला असता, आणि बोटाखाली काचेसारखं थंड. त्याला गरम प्लास्टिकचा वास आला. दोन तळहातांवर आपण एकेक पान झेलत होतो, ते आठवलं. कॅमेरावाला म्हणाला, काका हसा.

जिलेबी वाटत असताना पाऊस आला.

दोघं नवराबायको शेतात पोचली तेव्हा सावडीतले लोक निघून गेले होते. भात कापलेलं होतं, नीट, ओळीनं, शेतभर पसरलेलं. पाणी त्याच्याखालून वाहत होतं. कणसं चिखलात पडली होती. महिपतनं वाकून एक मूठ उचलली तर तिच्यातून पाणी निथळलं आणि आतून वळवळत एक जळू निघाली. तो तशाच मुठी उचलत राहिला. उज्वला मागून बांधत राहिली. भिजलेला भारा कोरड्याच्या दुप्पट जड होतो. बांधावर टाकला की पाठीत कळ जायची. शाल गळ्यात राहिली होती ती भिजून अंगाला चिकटली. तिला अत्तराचा वास होता, आणि ओल्या लोकरीचा, आणि तो जाईना.

धोंडू बांधावर इरलं घेऊन उभा होता. “शाल नवी हाय काय रे?”

महिपतनं पुढचा भारा उचलला.

“झाला सत्कार?”

“झाला.”

“मग ये इकडं, दोन भारे मी धरतो. उगा मरशील.” धोंडू खाली उतरला. “वाचलं पोरीनं?”

“नाय.”

“का?”

“पान कोरं होतं.”

“एवढा मंडप घालून कोरं पान?” धोंडूनं भारा खांद्यावर घेतला. “निदान आमच्या ग्रामपंचायतीत सह्या तरी असतात.”

घरी श्रुतिका पडवीत बसली होती. महिपतनं शाल काढून दोरीवर टाकली. ती टपटपायला लागली.

“बाबा, कुणी दाबले ठिपके?”

“मशिनीनं.”

“कुठल्या?”

“महाडला. प्लास्टिक चढवतात ती.” त्यानं शालीचं टोक पिळलं. “मीच नेली होती पानं.”

श्रुतिकानं शालीच्या टपटपीकडं कान दिला. मग म्हणाली, “चांगली चकाकत असतील.”

त्या दिवशी महिपत जेवला नाही. ताटातली जिलेबी, शाळेतून उज्वलानं बांधून आणलेली, कोंबडीला टाकली. कोंबडीनं चोच मारली, पाकाची तार चोचीला लागली, आणि ती चोच जमिनीला घासत परड्यात फिरत राहिली.

सोमवारी सरांचा निरोप आला. मुलीला घेऊन या, सही करायची आहे. निघताना महिपत माळ्यावर चढला आणि चटईतून ते चुरगळलेलं पान काढलं. ते त्यानं पिशवीत घातलं. श्रुतिकाच्या हातात दिलं नाही. हेही कोरं निघालं तर, हा विचार त्याला घरात करायचा नव्हता.

सरांनी अर्ज पुढं सरकवला, पेन वर ठेवलं. तेजश्री मॅडम कोपऱ्यात होत्या.

“आम्ही संधी दिली, महिपतराव. चारचौघांत दिली.”

“सर, पानं मशिनीत सपाट झाली.”

“मशिनीत कुणी नेली?”

“मी.”

“मग?” सर शांतपणे म्हणाले. “मी काही म्हणतोय का तुम्हाला? एवढी महाग वस्तू, माझ्या जागी दुसरा असता तर भरपाई मागितली असती. करा सही.”

हा माणूस आपल्याला माफ करतो आहे, हे महिपतच्या लक्षात आलं. त्याच्या अंगावर काटा आला. चिखलातून जळू निघाली तेव्हा आला नव्हता. त्यानं पेनाला हात लावला नाही. पिशवीतून पान काढून टेबलावर ठेवलं.

“हे एक ऱ्हायलं होतं. मशिनीनं घेतलं नाय. मी लपवलं होतं. हे तिनं वाचलं तर?”

सरांनी पान पाहिलं. वर्तुळ, आत आडव्या रेघा. “वर्तुळाचा धडा. कोपरा खराब केलात तुम्ही.”

“वाचलं तर गणित, असं तुम्हीच ठरवलं होतंत, सर,” कोपऱ्यातून तेजश्री मॅडम म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. बसायचं त्यांना सुचत नव्हतं.

“माझा शब्द मी मोडत नाही. वाच गं. आणि न वाचता आलं तर सही.”

महिपतनं मुलीचे दोन्ही हात धरून पानावर ठेवले. बोटं निघाली. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, बोटांकडे पाहिलं. ती सरकली, अडली, पुन्हा सरकली. मुंग्यांची रांग लागली. ओल्या हवेत, चटईत राहूनही ठिपके उभे होते.

बोटं वर्तुळावरून फिरली, आडव्या रेघांवरून एकेक करत खाली आली, आणि मधल्या रेघेवर थांबली. श्रुतिकाच्या कपाळाला आठी पडली.

“वाच,” सर म्हणाले. “जीवांबद्दल काय लिहिलंय?”

“जीवांचं काय नाय, सर.” ती सपाट आवाजात वाचायला लागली. “पृथ्वीगोलावर पूर्व-पश्चिम दिशेत काढलेल्या काल्पनिक वर्तुळांना अक्षवृत्ते म्हणतात. मधलं सगळ्यात मोठं, ते विषुववृत्त.” बोटं वरच्या कोपऱ्याकडं गेली, चुरगळलेल्या बाजूला. “इथं लिहिलंय, इयत्ता सहावी, भूगोल.”

तेजश्री मॅडमनी ते वर्तुळ पुन्हा एकदा पाहिलं आणि चष्मा काढला. सरांनी कपाट उघडलं, खोक्यातून चकाकतं एक पान काढलं, दुसरं काढलं, डोळ्यांजवळ धरलं. पानांवर ठिपके होते. सरांनी ती परत ठेवली.

“वाचलंय तिनं, सर,” तेजश्री मॅडम म्हणाल्या.

सरांनी अर्ज आपल्याकडे ओढला आणि ‘गणित’ लिहिलं. लिहिताना ते थांबले, बाहेर फलक होता त्या बाजूला त्यांनी एकदा बघितलं, आणि खाली सही केली. मग खोकं कपाटात ठेवून कुलूप लावलं. बाहेर ‘गणित संच, ब्रेल’ असं होतं. ते बदलायचं कुणी सुचवलं नाही.

संध्याकाळी उज्वलानं भाकऱ्या थापता थापता पुस्तक उभं केलं. पडवीत भिजलेलं भात पसरलं होतं आणि त्याला आंबूस वास यायला लागला होता.

“एक्स वर्ग वजा चार, भागिले एक्स,” तिनं वाचलं.

“रेघ कुठवर हाय, आये?”

ते चुरगळलेलं पान महिपतनं घरी आणलं होतं. श्रुतिकानं त्यावर पुन्हा हात फिरवला नाही. सहावीचा भूगोल तिचा पनवेललाच वाचून झाला होता.